साका निघालेला आंबा पेजवर टाकावा का?

देवगडच्या एका बागायतदारकाकांचं फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप मी सांभाळते. अक्षय्य तृतीया तोंडावर असताना पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंनी त्यांच्या पेजवर फोटो टाकला. कापलेले चार आंबे, त्यातल्या दोघांत साका. खाली एकच ओळ : 'हाच का तुमचा अस्सल हापूस?'

साका म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट. बाहेरून फळ सोन्यासारखं. वास घेऊन, दाबून, देठ बघून काही म्हणता काही कळत नाही. तापलेल्या कातळाची धग, झाडावर जास्त राहिलेलं फळ, उतरवल्यावर उन्हात पडलेला ढीग, ही नेहमीची कारणं. ८५ टक्क्यांच्या आसपास तयार झालेला आंबा झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट काढून लगेच सावलीत नेला, तर प्रमाण कमी होतं. शून्य होत नाही.

काकांच्या पुतण्याचं मत, कमेंट उडवा आणि ड्रोनची रील परत वर आणा. त्या रीलला व्ह्यूज भरपूर होते, नाही म्हणत नाही. समुद्र, बाग, चालू गाणं. पण बघणारे इंदूर, लखनौ, पाटण्याचे. काकांची गाडी जाते मुंबई, ठाणे, पुण्याला. शिवाय बिझनेस खात्यावर ते गाणं मिळेना म्हणून त्याने रील स्वतःच्या खात्यावरून टाकली होती. तिथे ना भाव, ना व्हॉट्सॲपची लिंक. लाइक मोजून धंदा समजणाऱ्या या मंडळींना हात जोडावेत.

ऑर्डर येते ती साध्या व्हिडिओंवर. काट्यावर फळ ठेवायचं, २५० ग्रॅमचा आकडा दिसू द्यायचा, मग पेंढ्यात आंबे लावताना दाखवायचं आणि या वजनाचे पेटीत किती डझन बसतात ते बोलायचं. भाव स्क्रीनवरच. 'भावासाठी मेसेज करा' लिहिलं की निम्मी माणसं तिथूनच परत जातात; विचारलं की घ्यावं लागेल, असं वाटतं त्यांना.

मी म्हटलं, कमेंट राहू दे. आपणच आंबा कापून दाखवू.

काका उखडले. "आपल्याच तोंडान आपल्या मालाची बदनामी कित्याक?"

तरी शेडमध्ये खिडकीपाशी पाट मांडला. उजेड बाजूने घेतला, कारण वरच्या ट्यूबलाइटखाली गराचा रंग हिरवट येतो आणि चांगला आंबासुद्धा कच्चा दिसतो. फोन उभा, स्टँडवर. पहिल्याच फ्रेममध्ये साका असलेली फोड. लोगो नाही, नमस्कार नाही. पहिल्या ३ सेकंदांत अंगठा थांबला नाही तर पुढचं कोणी बघत नाही. शेजारी चांगली फोड ठेवली, म्हणजे फरक न सांगता दिसतो. काका स्वतःच्या भाषेत बोलले. पुष्कळ जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून व्हिडिओवर मराठी ओळी टाकल्या, त्याही स्क्रीनच्या मधोमध. तळाशी टाकल्या की नाव आणि बटणांखाली झाकल्या जातात. शेवटी अट स्पष्ट : कापल्या दिवशी फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत जास्त. पुढची पेटी नको असेल तर पैसे परत.

पुण्याच्या बाईंना आधी काकांनी फोन केला, मग त्यांच्याच कमेंटखाली हा व्हिडिओ लावला. हा क्रम मी मुद्दाम धरला. उलटं केलं असतं तर त्यांना चारचौघांत उत्तर दिल्यासारखं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत फोन वाजत होता. ड्रोनच्या रीलच्या मानाने व्ह्यूज किरकोळ, पण शेअर जास्त, आणि तेही घरच्या ग्रुपांवर. जुन्या गिऱ्हाइकांनी पेट्या सांगितल्या. दोन बागायतदारांचेही फोन आले, 'तुमच्यामुळे आमच्या गिऱ्हाइकांनी आंबे कापून बघायला सुरुवात केलीय' म्हणून. आंबा कापल्याशिवाय कसा खातात, हे मी विचारलं नाही.

मला सलतंय ते वेगळंच. जे पहिल्यांदाच पेजवर आले, त्यातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : 'तुमच्याकडे साका जास्त निघतो का?' ज्याने वर्षानुवर्षं पेटी घेतली त्याला त्या व्हिडिओत प्रामाणिकपणा दिसला, नवख्याला खोट दिसली. व्हिडिओ तोच.

म्हणून यंदा तो व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरच पाठवावा, असं माझ्या मनात आहे. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, आणि ज्यांनी काकांचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणजे आपसूकच जुनी माणसं. पेजवर वजनाचा आणि पेटी भरण्याचा व्हिडिओ वर राहील. काकांना मात्र आता साक्याचाच व्हिडिओ पेजवर सगळ्यात वर पिन करून हवाय. परवा पुन्हा त्याचसाठी फोन आला होता. मी अजून केलेला नाही.