आईच्या नावाचे माइल्स

आईच्या पासपोर्टवर तीन नावं आहेत: तिचं, बाबांचं आणि आडनाव. पहिली दोन एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. तिकीट निघतं तेव्हा त्या दोन नावांमधली मोकळी जागा गायब होते. आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग आईचं आणि बाबांचं नाव एकमेकांना चिकटलेलं आणि त्यालाच लागून मिसेस. आपल्याकडच्या कितीतरी बायकांची तिकिटं अशीच छापून येतात. विमानात चढताना त्याने काही अडत नाही. माइल्स, म्हणजे विमानप्रवासाबद्दल कंपनीच्या योजनेतल्या आपल्या खात्यात जमा होणारे आणि पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारे गुण, मात्र अडू शकतात, आणि आईचे अडले.

आई-बाबा गेल्या वर्षी दादाकडे टोरांटोला गेले होते. मुंबईहून युरोप, तिथे विमान बदलून कॅनडा, आणि तसंच परत. येऊन-जाऊन पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास. दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर, सीट शेजारशेजारच्या, दोघांचे सदस्य क्रमांक तिकिटात घातलेले. परत आल्यावर थोड्याच दिवसांत बाबांच्या खात्यात माइल्स जमा झाले. आईच्या खात्यात काहीच नाही.

आई म्हणाली, "अगं, बाबांचे आलेत ना, मग जाऊ दे." मला ते पटेना. तिकिटाचे पैसे दोघांचे सारखेच भरले होते. माइल्स ही कंपनीने खुशीने दिलेली बक्षिसी नसते, तिकिटाच्या किमतीतच त्यांचा खर्च धरलेला असतो. म्हणजे ते आईचेच होते.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली ॲडव्हांटेज ही माइल्सची योजना आणली आणि पाठोपाठ इतर कंपन्यांनीही आपापल्या योजना काढल्या. पुढे १९९७ मध्ये पाच विमान कंपन्यांनी मिळून स्टार अलायन्स हा गट उभा केला, तेव्हापासून एका कंपनीच्या विमानाने जाऊन माइल्स दुसऱ्या कंपनीच्या खात्यात घेण्याची मोठी सोय झाली. एअर इंडिया या गटात ११ जुलै २०१४ ला गेली. आमच्या नाशिकच्या माणसाला याचा उपयोग असा, की मुंबईहून वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांनी गेलं तरी माइल्स एकाच खात्यात साठवता येतात. नाशिकच्या ओझर विमानतळावरून २०२३ च्या मार्चपासून इंडिगोची विमानं उडतात, पण इंडिगो या गटात नाही. तिची ब्लूचिप नावाची योजना वेगळी आहे.

तर आईचं खातं जुनं होतं. काही वर्षांपूर्वी ती काकूबरोबर सहलीला गेली तेव्हा ट्रॅव्हलवाल्यांनी उघडून दिलेलं, त्यात फक्त तिचं नाव आणि आडनाव. बाबांचं खातं नवीन, पासपोर्ट समोर ठेवून भरलेलं. फरक एवढाच. कंपन्यांच्या संगणकांमधली देवाणघेवाण नाव आणि क्रमांक जुळले की आपोआप होते. नाव जुळलं नाही की क्रमांक बरोबर असूनही नोंद बाजूला पडते, आणि ती बाजूला पडली हे आपल्याला कुणी कळवत नाही.

राहून गेलेले माइल्स मागण्याची सोय जवळजवळ प्रत्येक योजनेत असते. प्रवासानंतर काही दिवस थांबायचं आणि मग वेबसाइटवर अर्ज करायचा. मुदत साधारण सहा महिने ते वर्षभर, योजनेप्रमाणे वेगळी. ती आधी बघून घ्यावी, कारण मुदत उलटली की पुढे बोलणंच खुंटतं.

अर्जात सगळ्यात महत्त्वाचा असतो तिकीट क्रमांक. पीएनआर नव्हे. पीएनआर सहा अक्षर-अंकांचा असतो आणि तो बुकिंगचा, म्हणजे दोघांचा मिळून एकच. तिकीट क्रमांक तेरा आकडी आणि प्रत्येक प्रवाशाचा स्वतंत्र. त्यातले पहिले तीन आकडे तिकीट कुठल्या कंपनीच्या नावावर निघालं ते सांगतात: एअर इंडियाचे ०९८, लुफ्तान्साचे २२०, सिंगापूर एअरलाइन्सचे ६१८. ई-तिकिटाच्या पावतीवर हा क्रमांक असतोच, बऱ्याचदा बोर्डिंग पासवरही असतो.

पहिला अर्ज नामंजूर झाला. कारण एका ओळीत: प्रवासाची नोंद सापडत नाही. मी आई-बाबांच्या पावत्या टेबलावर शेजारी ठेवल्या आणि ओळीन् ओळ ताडून पाहिली. क्रमांक, तारखा, फ्लाइट नंबर, सगळं बरोबर. मग दोघांची खाती उघडली, आणि आईच्या खात्यातलं अर्धं नाव तिथे दिसलं.

हेल्पलाइनवरच्या मुलीने मात्र नीट समजावून सांगितलं, तिचे आभार मानायला हवेत. ती म्हणाली, "मॅडम, आता लगेच दुसरा अर्ज करू नका, तोही नामंजूर होईल. आधी खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या, बदल झाल्याची ईमेल येऊ द्या, आणि मग नवा अर्ज टाका." हा क्रम महत्त्वाचा आहे. नाव आणि माइल्स ही दोन कामं वेगवेगळ्या विभागांची असतात, एकाच पत्रात दोन्ही लिहिलं तर पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं.

नाव बदलण्यासाठी पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत मागितली होती. मी शेवटचं पानही जोडलं, कारण पती-पत्नीचं नाव त्या पानावर असतं आणि आईच्या नावातलं मधलं नाव कुठून आलं हे परदेशातल्या माणसाला त्यावरून कळतं. फोनवर काढलेल्या फोटोत प्लास्टिकची चमक येऊन अक्षरं पुसट होत होती, म्हणून कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घेतलं. पत्र अगदी छोटं लिहिलं: सदस्य क्रमांक, खात्यातलं सध्याचं नाव, पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख, सोबत प्रत. काही आठवड्यांनी नाव बदलल्याची ईमेल आली.

दुसऱ्या अर्जाला बोर्डिंग पास लागले, आणि इथे खरी मदत झाली ती आईच्या सवयीची. बाबांनी फोनवर घेतलेले बोर्डिंग पास प्रवास संपल्यावर ॲपमधून नाहीसे झाले होते. आईने मात्र काउंटरवरून कागदी पास मागून घेतले होते आणि गेटवर फाडून परत दिलेला प्रत्येक तुकडा बँकेच्या पासबुकाच्या प्लास्टिक पाकिटात ठेवला होता. हे पास बहुतेक थर्मल कागदावर छापलेले असतात, एसटीच्या मशीनच्या तिकिटासारखे, आणि उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिले की उडून जातात. आईचे तुकडे अंधारात राहिल्यामुळे नाव, फ्लाइट नंबर, तारीख, सीट, सगळं वाचता येत होतं. आता आमच्या घरी नियमच केलाय: पास हातात पडला की लगेच फोटो, आणि माइल्स जमा होईपर्यंत कागद टाकायचा नाही.

एका टप्प्याचं थोडं वेगळं होतं. तिकिटावर फ्लाइट नंबर एका कंपनीचा आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं, म्हणजे कोडशेअर. अशा वेळी अर्जात कोणता नंबर लिहायचा हे योजनेच्या नियमांत दिलेलं असतं. मी दोन्ही नंबर लिहिले आणि पावतीवरची ती ओळ अधोरेखित करून जोडली.

यावेळी माइल्स आले. त्या एका टप्प्याचे मात्र बाकीच्यांपेक्षा बरेच कमी. विचारलं तेव्हा उत्तर आलं ते बुकिंग क्लासचं. इकॉनॉमीतल्या प्रत्येक तिकिटाला एक इंग्रजी अक्षर असतं आणि त्या अक्षरावर माइल्सचं प्रमाण ठरतं, काही स्वस्त तिकिटांना तर काहीच मिळत नाहीत. पावतीवर ते अक्षर होतं, आणि बाबांना त्या टप्प्याचे तेवढेच मिळाले होते. हिशोब बरोबर होता, मी पुढे वाद घातला नाही. पण तिकीट घ्यायच्या आधी ते अक्षर विचारावं, असं आता सगळ्यांना सांगते. दोन-तीन हजार रुपयांच्या फरकात कधी कधी माइल्स दुप्पट होतात.

लोक मला विचारतात, एवढा खटाटोप कशाला? कारण माइल्स पडून राहिले तर त्यांची किंमत टिकत नाही. बऱ्याच योजनांत त्यांना मुदत असते, आणि योजनाही बदलतात. जेट एअरवेजचं विमान नाशिकला येत होतं ते दिवस आठवत असतील. १७ एप्रिल २०१९ ला जेट थांबली. तिची माइल्सची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने खाती बुडाली नाहीत, नाव बदलून इंटरमाइल्स झालं, पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते साठवले होते ती विमानंच राहिली नाहीत. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सदस्यांचे पॉइंट आता महाराजा क्लब नाव असलेल्या योजनेत गेले. माझेही गेले. म्हणून मी साठवण्यापेक्षा वापरण्याच्या बाजूची आहे.

आता दोघांच्या खात्यांतून पुन्हा टोरांटोचंच तिकीट काढायचं आहे. बाबांचं बाबांच्या माइल्समधून, आईचं आईच्या. हे तिकीट पूर्ण फुकट नसतं, विमानतळाचे कर आणि काही कंपन्यांचा इंधन अधिभार रोख भरावा लागतो, आणि तो कंपनीगणिक इतका बदलतो की आधी तो बघूनच विमान निवडावं. ओझरहून दिल्ली गाठून तिथून पुढे जायचा पर्याय बाबांना आवडला होता. पण ते तिकीट वेगळं काढावं लागणार. पहिलं विमान रखडलं तर पुढचं थांबणार नाही, आणि सामानही दिल्लीत घेऊन परत द्यावं लागेल. सत्तरीच्या माणसांना ती धावपळ नको. इगतपुरीपासून समृद्धीने मुंबईचा रस्ता आता पुष्कळ सोपा झालाय, तेव्हा गाडीनेच जायचं ठरलं.

माइल्सवर मिळणाऱ्या सीट थोड्या असतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर जवळजवळ नसतातच. दिवाळीनंतरच्या तारखांना एकेक सीट दिसते आहे, जोडीने अजून नाही. बाबा म्हणाले, मी आधी जातो, तू मागून ये. आईला ते मान्य नाही, त्यामुळे रोज रात्री जेवणं झाली की मी नव्याने तारखा बघते आहे.