निबंधाची सुरुवात कुठून करता? तुम्ही विचारलंत म्हणून

अभ्यासिकेत नवीन आलेलं कुणी ना कुणी दर महिन्याला हा प्रश्न विचारतंच. "ताई, निबंधाला सुरुवात कुठून करायची?" लातूरच्या आमच्या अभ्यासिकेत बहुतेक जण यूपीएससीची तयारी करतात. मुख्य परीक्षेतला निबंधाचा पेपर २५० गुणांचा असतो आणि तीन तासांत दोन निबंध लिहायचे असतात. त्यामुळे पहिल्या ओळीचीच धास्ती सगळ्यांना.

मी पहिली ओळ शेवटी लिहिते. आधी वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखते: पाहिलेलं, ऐकलेलं, वाचलेलं. विषय कितीही मोठा असला तरी पहिला रकाना भरल्याशिवाय पुढं जात नाही.

तीन वर्षांपूर्वी 'पाणी' या विषयावर लिहायला बसले. पाहिलेलं भरपूर होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मी नववीत होते. गल्लीत टँकरची वाट बघत निळ्या ड्रमांची रांग लागायची आणि प्रत्येक ड्रमवर ऑइलपेंटनं आडनाव लिहिलेलं असायचं. आमच्या ड्रमवरचं शेवटचं अक्षर ओघळलं होतं, त्यामुळे तो लांबूनच ओळखू यायचा. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावली होती. वाचलेल्या रकान्यात होती मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे: १२ एप्रिल २०१६, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ऐकलेल्यात आजीचा बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडी.

या सगळ्यातून मी एक वाक्य लिहिलं, 'आमच्या पिढीनं १९७२ सारखाच दुष्काळ पाहिला.' वाक्य मला फार आवडलं होतं. संध्याकाळी आजी तूर निवडत बसली होती, तिला निबंध वाचून दाखवला. तिनं सुपातला हात थांबवला.

"सारखा कसा गं? बहात्तरला आमच्या हिरीत पाणी होतं, दाणा नव्हता. तुमच्या वक्ताला दाणा होता, पाणी नव्हतं."

माझा अख्खा निबंध त्या 'सारखाच' वर उभा होता. रात्री तो बाजूला ठेवला आणि आजीच्या वाक्यापासून पुन्हा लिहायला घेतला. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत विहिरीतलं पाणी गेलं कुठं? मग बोअर आले, ऊस आला. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी धरतो तो वरच्या मुरमाड थरात आणि भेगांत, हेही तेव्हाच नीट वाचलं. दुष्काळ नुसता पावसाच्या कमतरतेनं येत नाही, हे पाठ होतं मला. पण ते मला कळलं आजीमुळे.

तेव्हापासून निबंध पूर्ण झाला की ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यापैकी कुणाला तरी तो वाचून दाखवते. माझ्या पद्धतीतलं हेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बाकी आराखडा, परिच्छेद, वेळेचं गणित सरावानं जमतं, आणि शुद्धलेखन सरांकडून तपासून घेता येतं. पण शेतीवरचा निबंध शेतात राबणाऱ्या माणसाच्या कानावरून गेला नसेल तर तो सुबक असूनही चुकीचा असू शकतो.

परीक्षेला आजी शेजारी नसते, हे खरंच. म्हणून घरी लिहिताना 'सारखाच', 'सगळेच', 'नेहमीच' असा शब्द आला की पेन थांबवायची सवय लावून घेतली आहे. बऱ्याचदा तिथं काहीतरी न बघताच लिहिलेलं सापडतं.

सध्या विषय घेतलाय 'स्थलांतर'. वाचलेल्याचा रकाना गच्च भरलाय. पाहिलेल्यात एवढंच आहे: पलीकडच्या गल्लीतल्या मावशींच्या दाराला लागलेलं कुलूप आणि कडीत अडकवलेली लिंबाची डहाळी. मावशी दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. त्याआधी त्यांच्याकडे जाऊन बसायचं आहे.