नव्या नळीला कोणता छर्रा? ४.४९, ४.५० आणि ४.५१ ची चाचणी

१० मीटर एअर रायफलची नळी बदलली की छऱ्यांच्या जुन्याच डबीवर विसंबू नये. एकाच कारखान्यातल्या, एकाच मापाच्या दोन नळ्यांना एकच छर्रा मानवेल याची खात्री नसते. ४.४९, ४.५० आणि ४.५१ ही छऱ्याच्या हेडची, म्हणजे पुढच्या भागाची, मिमीमधली मापं.

हवेचा सिलिंडर काढून, रॉडने छर्रा हळूच नळीतून ढकलला. ४.४९ च्या हेडवर रायफलिंगच्या (नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या) बारीक खुणा चारी बाजूंनी सारख्या उमटल्या. ४.५१ ला तोंडाशी, जिथे नळी किंचित आवळलेली असते, चांगलाच जोर लागला. हा फक्त अंदाज. निकाल कार्डावरच लागतो.

छर्रे ०.५३ ग्रॅमचे, चपट्या तोंडाचे, तिन्ही मापं एकाच कंपनीची. रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) कुंद्यावर धरायची, नळीला जबडा लागता कामा नये, नाहीतर ताण येऊन ग्रुप, म्हणजे कार्डावरचा छिद्रांचा पुंजका, भरकटतो. माप बदललं की पहिले दहा छर्रे मोजायचे नाहीत, नळी नव्या छऱ्यावर स्थिरावू द्यायची. मग दहा-दहाचे तीन ग्रुप, प्रत्येकाला नवं कार्ड.

पाच छऱ्यांवर निकाल लावायची घाई इथेच नडते. ४.५१ चे पहिले पाच सगळ्यांत देखणे होते. दहा होईपर्यंत दोन डावीकडे निसटले. ४.५० मध्यम. ४.४९ चे तिन्ही ग्रुप बाहेरच्या कडांनी मोजून ७ मिमीच्या आत राहिले. त्यातून छऱ्याचे ४.५ वजा केले की केंद्रांमधलं अंतर २.५ मिमी. छऱ्याचं केंद्र कार्डाच्या मध्यबिंदूपासून २.५ मिमीच्या आत असेल तर १०.० गुण, तिथून मध्याकडे दर पाव मिमीला एक दशांश वाढतो. म्हणजे हा ग्रुप बरोबर मध्यावर बसवला तर एकही छर्रा १०.४ च्या खाली जात नाही. नळीकडून एवढं मिळालं की पुरे.

सराफ बाजारात असतो तसा मिलिग्रॅमचा काटा असेल तर वजन जरूर करा, पण १० मीटरवर त्याहून महत्त्वाची स्कर्टची, म्हणजे छऱ्याच्या मागच्या पोकळ भागाची, कड. ती चेपलेली असली की हवा एका बाजूने आधी सुटते आणि छर्रा तिरका निघतो. नाशिकच्या पावसाळ्यात उघड्या डबीतल्या शिशावर पांढरी भुकटी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवा आणि हाताळणीनंतर हात साबणाने धुवा.

पुढे ४.४९ चेच दोन वेगळे लॉट (एकाच वेळी बनलेल्या छऱ्यांच्या खेपा) तपासायचे. जो जिंकेल त्याच लॉट नंबरच्या डब्या एकदम घ्यायच्या.