तुम्ही विचारलंत म्हणून: माणसं कमी होतायत, मग पोरांना यंत्रं कशाला?

पालकसभेत विचारता, स्टाफरूममध्ये विचारता, आता भाजी घेतानाही कुणीतरी गाठतं: "भोसरी-चाकणच्या कारखान्यांत माणसं काढतायत आणि मॅडम, तुम्ही पोरांना सेन्सर जोडायला शिकवता. कशासाठी?" त्यामागचा राग मला कळतो. पण घाईघाईत अर्धंमुर्धं उत्तर देऊन मी दमले आहे. म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी एक गैरसमज. सरकारचे पैसे आले म्हणून शाळेत ही लॅब चाललीय, असं नाही. अटल टिंकरिंग लॅब या केंद्र सरकारच्या शालेय प्रयोगशाळा योजनेसाठी निवडलेल्या शाळेला २० लाख मिळतात, १० लाख उभारणीला आणि १० लाख पुढच्या खर्चाला. आमची शाळा त्यात नाही. आमचं सामान पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून येतं, बाकीचं भंगारातून.

आता २०१९. त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली होती. आपल्याकडे त्याचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. सगळ्यांत आधी ठेकेदाराची माणसं घरी बसली.

त्याच दिवसांत नववीतल्या एका मुलाने प्रदर्शनासाठी मोजणीयंत्र केलं. पट्ट्यावरून वॉशर (नट-बोल्टला लावायच्या धातूच्या चकत्या) सरकतात, बाजूला इन्फ्रारेड सेन्सर. वॉशर समोर आला की त्याच्यावरून परतलेले किरण पकडून सेन्सर आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला, खूण देतो, आकडा एकाने वाढतो. सुरुवातीला एकच वॉशर समोर थांबला तरी आकडा शेकड्यांनी पळायचा. 'समोर आहे का' असं नाही, 'आत्ता आला का' असं विचारायचं, हे त्याचं त्यालाच सुचलं, तेव्हा तो वर्गभर नाचला होता. वॉशर त्याने घरूनच आणले होते. वडील एका कारखान्यात मोजणी-पॅकिंगला होते, ठेकेदाराकडून.

प्रदर्शनाला वडील आले. कामाच्या दिवशी, भर दुपारी. म्हणजे काय, ते मी समजले. बराच वेळ ते पट्ट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन वॉशर एकावर एक चिकटवून ठेवले. आकडा एकानेच वाढला.

"तेल असतं ना त्याला. असे जोडीने येतातच," ते म्हणाले.

पोरगं हिरमुसलं नाही. उलट विचारायला लागलं, "पप्पा, मग तुम्ही कसं ओळखता?"

"बोटाला कळतं. जाडी."

पट्ट्याच्या वर एकच वॉशर जाईल एवढी फट ठेवून आडवी पट्टी लाव, वरचा आपोआप अडेल, हेही त्यांनीच सांगितलं. पुठ्ठ्याची पट्टी लावली. आकडा बरोबर यायला लागला. मी टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी विचारलं, "केवढ्याला पडलं हे?" मुलाने अभिमानाने सांगितलं. हजाराच्या आतच होतं.

"माझा दोन दिवसांचा पगार," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. मुलाचा चेहरा मात्र उतरला.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "मॅडम, हे सोडवून टाकू?" सोडव, म्हटलं. त्याला अडवायला माझ्याजवळ काही कारण नव्हतं. त्या वर्षी तो पुन्हा लॅबमध्ये आला नाही. दिवाळीनंतर काही जणांना परत बोलावणं आलं, त्याच्या वडिलांना आलं नाही. त्यांचं काम यंत्राने नेलं नव्हतं, मंदीने नेलं होतं. हे मी त्या मुलाला सांगितलं. त्याला पटलं नाही. पटावं तरी कसं? त्याने स्वतःच्या हाताने केलेलं ते यंत्र चालताना पाहिलं होतं.

तेव्हाची मी पालकांना सांगायची, हे शिकलं की नोकरीची काळजी नको. तिच्याशी माझं अजून भांडण चालू आहे. २०२५ च्या जुलैत देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने १२ हजारांहून जास्त माणसं कमी करायचं जाहीर केलं. ती तर शिकलेलीच माणसं. पण ती जुनी मी विचारते, मग काय, कोडिंग शिकवू नको? टायपिंग शिकवू? तिलाही माझ्याकडे उत्तर नाही. आणि लॉकडाऊनमध्ये पगार माझाही कापला गेला होता, त्यामुळे 'तुमचं काय जातंय' हे मात्र मला म्हणू नका.

मग का शिकवते? पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावच्या विज्ञान आश्रमाचं काम पाहा. डॉ. कलबागांनी ते १९८३ साली सुरू केलं. तिथली पोरं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, माती तपासतात, गावाच्या उपयोगाची वस्तू बनवतात. २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा, आली तीही अशा गावात. आपल्याकडे प्रोजेक्ट म्हणजे तयार किट, थर्माकोल आणि प्रमाणपत्र. त्या दुपारी माझ्या लॅबमधलं सगळ्यांत मोलाचं ज्ञान त्या वडिलांच्या बोटात होतं. ते पोराच्या वहीत उतरावं, एवढ्यासाठी मी हट्टाला पेटले आहे. त्याने वडिलांची नोकरी वाचली नसती, हे मला ठाऊक आहे.

म्हणून आता पहिला प्रोजेक्ट घरातल्या माणसाच्या कामावर असतो. आई पोळ्या लाटायला जाते, काका कारखान्यात प्रेस मशीनवर आहेत, तर तिथे काय अडतं ते विचारून यायचं. काही पालक चिडतात, घरचं दुखणं शाळेत कशाला म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे. ज्यांच्या घरी नुकतंच काम सुटलंय, त्या पोरांना मी दुसरा विषय देते.

शनिवारी दुपारी लॅब उघडी असते. माझ्याशी भांडायचं असेल तर तिथे या, आणि येताना तुमच्या लाइनवरचा एखादा खराब निघालेला पार्ट घेऊन या. तो खराब का निघाला, हे पोरांना मला सांगता येत नाही, तुम्हाला येतं.