वॉफल मेकर घेताना आधी बिजागरी बघा

दुकानात वॉफल मेकरची चौकशी केली की विक्रेता पहिल्यांदा वॅट सांगतो. वॅट बघावेतच, पण रोज वापरायचं यंत्र सहसा बिघडतं ते बिजागरीत आणि प्लेटांवरच्या नॉनस्टिक कोटिंगमध्ये. कॉइल जळण्याची वेळ त्यामानाने क्वचित येते.

खालच्या भागातून वरच्या प्लेटला वीज नेणारी वायर बिजागरीजवळून जाते. झाकण जितक्या वेळा उघडेल तितक्या वेळा ती वाकते आणि एक दिवस आतल्या आत तुटते. मग वॉफल खालून खरपूस आणि वरून पांढरट निघतो. लोक पिठाला दोष देतात, पण दोष वायरीचा असतो. म्हणून दुकानात झाकण अर्धं उघडून डावी-उजवीकडे हलवून पाहा. नव्या यंत्रातच खडखड असेल तर ते परत ठेवा. बिजागरीची पिन धातूची हवी आणि वायर उघडी लोंबकळणारी नको. बिजागरी थोडी वर सरकणारी असेल तर उत्तम, कारण जाड पीठ फुगल्यावर झाकण सपाट वर येतं. घट्ट बिजागरीत मागची कड दाबली जाते आणि पुढची जाड राहते.

प्लेटा जाड, ओतीव अॅल्युमिनियमच्या हव्यात. पातळ पत्र्याची प्लेट लवकर तापते, पण थंड पीठ पडताच तितक्याच लवकर निवते आणि दुसरा वॉफल मऊ निघतो. यंत्र हातात घेतल्यावर वजन जाणवलं पाहिजे. कडेला पन्हळ असलेलं मॉडेल मिळालं तर सांडलेलं पीठ ओट्यावर न येता त्यात थांबतं.

सुट्या निघणाऱ्या प्लेटा धुवायला सोप्या असतात, हे खरं. पण त्या क्लिपांवर बसतात, क्लिपा सैल झाल्या की प्लेट आणि कॉइलमध्ये फट पडते आणि उष्णता नीट पोचत नाही. शिवाय बदलायला नवी प्लेट भारतात मिळते का, हे आधीच विचारून घ्या. चीज किंवा अंडं रोज सांडणार असेल तरच त्या घ्याव्यात, एरवी पक्क्या प्लेटा जास्त टिकतात.

चौघांच्या घराला एका वेळी दोन वॉफल काढणारं, ७५० ते १००० वॅटचं यंत्र पुरतं. सहा अँपियरचा साधा सॉकेट २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट झेपवतो. त्यापुढचं यंत्र सोळा अँपियरच्या पॉइंटवरच लावा. स्टीलच्या बॉडीला तीन पिनांचा प्लग आणि नीट अर्थिंग हवंच. अमेरिकेतून कुणी १२० व्होल्टचं यंत्र आणत असेल तर त्याला आधीच थांबवा. आपल्याकडच्या २३० व्होल्टला ते जवळजवळ पावणेचारपट वीज ओढेल आणि जळेल. त्यासाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर तर यंत्राहून जड.

कोटिंगचं आयुष्य बरंचसं आपल्या हातात आहे. डब्यातला फवारा-तेलाचा स्प्रे वापरू नका. त्यातलं लेसिथिन (तेलात मिसळलेला स्निग्ध पदार्थ) तापून पिवळट चिकट थर धरतं आणि मग नॉनस्टिकही चिकटू लागतं. लोण्यातला दुधाचा अंश जळतो. साधं तेल किंवा नीट कढवलेलं तूप सिलिकॉनच्या ब्रशने लावा. काटा, सुरी, स्टीलचं उलथनं आणि घासणी लांब ठेवा. चिकटलेला भाग काढायला वीज बंद करा, प्लेट कोमट असताना ओल्या कापडाची घडी आत ठेवून झाकण लावा आणि पाच मिनिटं थांबा. नळाखाली धरलंत तर पाणी टर्मिनलपर्यंत जातं आणि पुढच्या वेळी घरातला ट्रिपर पडतो.

पीठ चिकटण्याचं मोठं कारण मात्र पिठातच असतं. एक वाटी (सुमारे १२० ग्रॅम) मैदा किंवा कणीक, एक चमचा बेकिंग पावडर, एक अंडं, १८० मिली दूध, एक मोठा चमचा साखर आणि तीन मोठे चमचे तेल किंवा वितळलेलं तूप, हे प्रमाण सोयीचं. तुपात कंजूषी केली की चिकटलंच. साखर वाढवली तरी तेच, ती खाचांत करपते. उरलेल्या इडलीच्या पिठाचा वॉफल छान होतो, पण त्यात मूळचं तेल नसतं, म्हणून वाटीमागे एक मोठा चमचा घाला. भाजणी सरबरीत भिजवा. थालीपिठाचा गोळा दाबून बसवला तर बिजागरीवर ताण येतो. साबुदाण्याला दोन्ही प्लेटांना भरपूर तेल आणि आठ-नऊ मिनिटं लागतात.

यंत्रावरचा ‘तयार’ दाखवणारा दिवा लागला म्हणून लगेच झाकण उघडू नका. वाफ जवळजवळ थांबल्यावर उघडा, नाहीतर वॉफलचे दोन पापुद्रे होऊन अर्धा वर, अर्धा खाली राहतो.

यंत्र अचानक पूर्ण थंड पडलं, दिवाही लागत नसेल, तर आधी प्लग आणि वायर तपासून घ्या. तिथे दोष नसेल तर बहुधा आतला थर्मल फ्यूज (यंत्र अति तापलं की वीज तोडणारा) उडालेला असतो. सुटा भाग स्वस्त, काम अर्ध्या तासाचं. मात्र फ्यूज त्याच तापमानाचा आणि त्याच अँपियरचा बसवायला सांगा, आणि तापमान ताब्यात ठेवणारा थर्मोस्टॅट अडकलाय का तेही बघून घ्या, कारण फ्यूज उडण्यामागे बऱ्याचदा तोच असतो. काही कारागीर फ्यूज काढून सरळ वायर जोडून देतात. तसं दुरुस्त केलेलं यंत्र घरी आणू नका.