विंडोज ११ आणि काकांचा कुलवृत्तांत

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच घरांतून मला एकच प्रश्न येतोय, नवा लॅपटॉप तर घेतला पण जुना स्कॅनर, जुना प्रिंटर, जुनं सॉफ्टवेअर यांचं काय करायचं? दुकानात विचारलं की ठरलेलं उत्तर, "भिया, ये अब नहीं चलेगा, नया ले लो." मला हे पटत नाही. नवं घ्यायला माझी ना नाही, पण नेमकं काय चालत नाहीये ते आधी बघायला पाहिजे ना. बहुतेक वेळा वस्तू धडधाकट असते, प्रोग्रामही चांगला असतो, अडलेलं असतं ते दोघांच्या मधलं काहीतरी.

ताजी गोष्ट आमच्या काकांची. काका इंदूरला लोकमान्य नगरमधे राहतात आणि आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत इतकी वर्षं तेच सांभाळतायत. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, बडोदा, म्हणजे होळकर, पवार, शिंदे, गायकवाड ज्याच्या ज्याच्या मागे आमची माणसं आली आणि तिथेच राहिली, त्या सगळ्या शाखांची नावं, लग्नं, जन्मतारखा, जुने फोटो. सगळं पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्राममधे, जुन्या मराठी फॉन्टमधे, विंडोज एक्सपीच्या डेस्कटॉपवर. त्याला जोडलेला एक फ्लॅटबेड स्कॅनर, वर्गणीच्या याद्या छापायला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, आणि मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं ते २५ पिनांचं डोंगल, म्हणजे किल्लीसारखा तुकडा, जो मागे पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद सॉकेटला, लावल्याशिवाय सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. मुलाने त्यांना विंडोज ११ चा लॅपटॉप दिला आणि काका मला म्हणाले, "बघ गं, यावर सगळं येतंय का."

आता यात एक गोष्ट समजून घेतली की अर्धी डोकेदुखी जाते. विंडोज ११ फक्त ६४ बिटमधे येतं, ३२ बिटचं व्हर्जनच नाही; १६ आणि ३२ बिट या आधीच्या पिढ्या. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्राम आरामात चालतात, १६ बिटवाले अजिबात नाही, आणि ३२ बिटचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजचं स्कॅनर-प्रिंटरशी बोलणं करून देणारे छोटे प्रोग्राम, तर नाहीच नाही कारण ड्रायव्हर थेट कर्नलमधे, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, जाऊन बसतो. लोक काय करतात, राइट क्लिक करून कंपॅटिबिलिटी मोडमधे एक्सपी निवडतात आणि स्कॅनर चालेल म्हणून वाट बघतात. तो मोड मुख्यतः प्रोग्रामला भासवतो की तू जुन्या विंडोजवर आहेस. ड्रायव्हरला त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून पेजमेकर ७ उघडलं. ते २००१ चं आहे, त्याच्यानंतर पेजमेकरचं नवं व्हर्जन आलंच नाही, पण आहे ३२ बिट. फक्त प्रोग्राम फाइल्समधे न टाकता सी ड्राइव्हवर वेगळं साधं फोल्डर करून तिथे टाकलं, कारण त्या काळचे प्रोग्राम स्वतःच्याच फोल्डरमधे सेटिंग लिहायला जातात आणि आताचं विंडोज प्रोग्राम फाइल्समधे तसं लिहू देत नाही. कुणाकडे डॉसमधलं काही असेल, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधला हिशेब वगैरे, तर त्याला डॉसबॉक्स आहे, तो विंडोजच्या आत जुनं डॉस उभं करतो. आणि फक्त डेटाच हवा असेल तर फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस पॅकेजच्या कॅल्कमधे सरळ उघडते, तेवढ्यासाठी फॉक्सप्रो जिवंत करायची गरज नाही.

प्रिंटर सगळ्यात सोपा निघाला. यूएसबी टू पॅरललची केबल जेल रोडवर मिळाली, ती लावली की विंडोजला यूएसबीवर एक प्रिंटर दिसतो, त्याला जेनेरिक टेक्स्ट ओन्लीचा ड्रायव्हर दिला की साधा मजकूर छापतो, पण मराठी नाही, कारण त्यात प्रिंटर स्वतःचीच अक्षरं वापरतो. मराठी याद्यांसाठी विंडोजमधून ग्राफिक्स पाठवणारा, त्या प्रिंटरच्या भाषेचा ड्रायव्हर लागतो, आणि बरेच डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ईएससी/पी नावाची भाषा समजतात, तेव्हा त्या जातीच्या दुसऱ्या मॉडेलचा ड्रायव्हरही चालून जातो. काकांचा तसाच चालला.

पण हीच केबल डोंगलला लावून उपयोग नाही. नेटवर बरेच जण तसं सुचवतात म्हणून मुद्दाम सांगते. ती केबल खरा पॅरलल पोर्ट देत नाही, ती फक्त प्रिंटरशी बोलते, आणि डोंगल तपासणारं सॉफ्टवेअर पोर्टच्या पत्त्यावर थेट जाऊन विचारतं. डेस्कटॉप असेल तर पॅरलल पोर्टचं कार्ड बसवून तरी बघता येतं, लॅपटॉपला तेही नाही. टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीला विचारलं तर नवीन व्हर्जन विकत घ्या एवढंच उत्तर. पण फॉन्ट स्वतः साध्या टीटीएफ, म्हणजे नेहमीच्या फॉन्टच्या, फाइल होत्या, त्यांना डोंगल लागत नाही, म्हणजे मजकूर दिसतो, छापता येतो, फक्त नवीन टाइप करता येत नाही. हे कळल्यावर काकांचा जीव भांड्यात पडला.

स्कॅनरसाठी ६४ बिटचा ड्रायव्हर कधी आलाच नव्हता. अशा वेळी ड्रायव्हर फुकट देणाऱ्या साइटवरून काहीतरी उतरवून घेऊ नका, तिथे बरंच घाणेरडं सामान असतं. डिव्हाइस मॅनेजरमधे प्रॉपर्टीज, मग डीटेल्स, तिथे हार्डवेअर आयडी बघा. व्हीआयडी आणि पीआयडी असे चार-चार अक्षरांचे दोन कोड असतात, पहिला कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. स्कॅनरवरच्या नावापेक्षा हे कोड खरं सांगतात. ते घेऊन मी सेनच्या यादीत शोधलं, सेन म्हणजे लिनक्समधली स्कॅनरची व्यवस्था, आणि काकांचा स्कॅनर तिथे होता. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट टाकून लॅपटॉप त्यावरून सुरू केला, काही इन्स्टॉल न करता, त्यातला डॉक्युमेंट स्कॅनर हा प्रोग्राम उघडला आणि आजोबांचा फोटो स्कॅन होऊन समोर आला. ज्याला "कबाड़ है" म्हणून सांगितलं होतं तो स्कॅनर! मला खरंच फार आनंद झाला. पैसे खर्च करायची तयारी असेल तर विंडोजवरच व्ह्यूस्कॅन आहे, त्याच्यात स्वतःचे ड्रायव्हर असतात आणि हजारो जुने स्कॅनर चालतात.

काकांना मात्र रोज पेनड्राइव्ह लावून रीस्टार्ट करणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून शेवटी त्यांचा अख्खा जुना डेस्कटॉपच लॅपटॉपच्या आत आणला. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं डिस्क टू व्हीएचडी म्हणून छोटं टूल आहे, ते चालू मशीनच्या हार्डडिस्कची फाइल बनवतं, ती फाइल व्हर्च्युअलबॉक्सला, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रामला, जोडायची. पहिल्यांदा निळा स्क्रीन येतो बहुतेक, कारण एक्सपीला हार्डडिस्क जोडायचा नवा सॅटा कंट्रोलर ओळखू येत नाही, डिस्क जुन्या आयडीई कंट्रोलरवर लावली की सुरू होतं, ॲक्टिव्हेशन मात्र पुन्हा मागू शकतं. मग यूएसबीच्या फिल्टरमधे स्कॅनर जोडला की आतल्या एक्सपीला तो मिळतो आणि तिथे त्याचा जुना ड्रायव्हर आहेच. काकांना तोच त्यांचा हिरवा डोंगरवाला डेस्कटॉप दिसला. एक्सपीचे अपडेट २०१४ मधेच बंद झालेत तेव्हा त्याचं नेटवर्क मी काढूनच टाकलं, फाइली शेअर्ड फोल्डरमधून बाहेर येतात. आणि कुणी सिग्नेचर एन्फोर्समेंट किंवा मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची संरक्षणं कायमची बंद करून जुना ड्रायव्हर घुसवायला सांगितलं तर ऐकू नका, एका स्कॅनरसाठी बँकेचं काम करतो तो लॅपटॉप उघडा टाकायचा का?

पण माझा खरा जीव अडकलाय तो मजकुरात. मशीन अजून काही वर्षं चालवता येईल, पुढे काय? त्या जुन्या फॉन्टमधे आपली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, फॉन्ट गेला की पणजोबांचं नाव म्हणजे नुसती चिन्हं. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर, आणि देवनागरी त्यात १९९१ पासून आहे. म्हणून आता एकेक शाखा आम्ही युनिकोडमधे आणतोय. लिब्रेऑफिस ड्रॉ २०१५ च्या ४.४ व्हर्जनपासून पेजमेकरची फाइल उघडतं, मांडणी थोडी हलते पण मजकूर हाती येतो, तो कन्व्हर्टरमधे, म्हणजे जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या प्रोग्राममधे, टाकायचा.

आणि मग वाचायचा, प्रत्येक ओळ. जुन्या फॉन्टमधे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमधे नंतर. रफार बरोबर उलटा, तिथे अक्षरानंतर आणि युनिकोडमधे आधी. कन्व्हर्टर ही अदलाबदल करतो पण जोडाक्षर आलं की चुकतो, आणि हिंदीसाठी बनवलेला असेल तर ळ आणि ऱ्य वर हमखास अडखळतो. आमच्याकडे गोपाळ, विठ्ठल, कमळाबाई, सुऱ्याजी असली नावं पानापानावर, म्हणजे जिथे चुकायला नको तिथेच नेमकं चुकणार. काका मूळ छापील प्रत हातात घेऊन मोठ्याने वाचतात, मी स्क्रीनवर बघते, देवासची शाखा झाली, आता धारची चालू आहे. जुना डेस्कटॉप तोवर डोंगलसकट ठेवलाय, एखादी जुनी फाइल तिथेच दुरुस्त करावी लागली तर.

तुमच्या घरी असं काही पडून असेल तर मशीन चालतंय तोवर दोन कामं आजच करा. मजकुराच्या फाइलींसोबत त्या फॉन्टची टीटीएफ फाइलही कॉपी करा, आणि कोणत्या फाइलीत कोणता फॉन्ट आहे ते नावासकट एका कागदावर लिहा. नाव माहीत नसेल तर कन्व्हर्टरमधे काय निवडायचं हेच कळत नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमधेसुद्धा अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात.