दहा चाळीसची नोंद

न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीतल्या एका गावाच्या ॲम्ब्युलन्स स्क्वॉडची बिलं मी करते. गाडी पेशंटला हॉस्पिटलात सोडून परत आली, क्रूने स्ट्रेचर पुसून नवी चादर घातली, की त्यांचा रिपोर्ट माझ्या स्क्रीनवर येतो आणि त्यातून मला इन्शुरन्सचा क्लेम बनवायचा असतो. नाशिकहून बी.कॉम. करून लग्नानंतर इकडे आले तेव्हा असलं काही काम असतं हेसुद्धा माहीत नव्हतं. (पुढे जे सांगते आहे त्यात ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. पैशाचा आणि कागदांचा भाग मात्र जसाच्या तसा आहे.)

भारतातून आलेल्या माणसाला वाटतं, ९११ फिरवला की सरकारची गाडी येते. इथल्या कित्येक गावांत ती गाडी गावकऱ्यांनीच उभी केलेली असते. व्हर्जिनियातल्या रोआनोकमध्ये १९२८ साली नागरिकांचं असं पथक सुरू झालं आणि त्याच सुमारास न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरही. शिक्षक, प्लंबर, दुकानदार रात्री पेजर उशाशी घेऊन झोपायचे. खर्च भागवायला वर्षाला एकदा घरोघरी देणगीचं पत्र, रविवारी पॅनकेकचा नाश्ता, सिग्नलला डबे घेऊन सुट्टे पैसे गोळा करणं. आमच्या स्क्वॉडचंही बरीच वर्षं असंच चाललं. मग नवरा-बायको दोघंही कामाला जायला लागले, दिवसा गावात माणूस मिळेना. एका गाडीची किंमत अडीच-तीन लाख डॉलरच्या घरात गेली. ते पॅनकेक विकून जमत नाही.

शेवटी गावाने ठराव केला: पेशंटच्या इन्शुरन्सला बिल पाठवायचं. त्या पैशातून सोमवार ते शुक्रवार दिवसपाळीला दोन पगारी ईएमटी, म्हणजे गाडीवरचे प्रथमोपचार शिकलेले कर्मचारी, ठेवायचे. रात्री आणि शनिवार-रविवारी पूर्वीसारखेच स्वयंसेवक. गावच्या रहिवाशाकडून इन्शुरन्सने दिलं तेवढंच घ्यायचं, उरलेल्यासाठी त्याच्या मागे लागायचं नाही; तो भरतो तो कर म्हणजेच त्याचा वाटा. या ठरावावर जुने स्वयंसेवक चिडले होते. एकाने तर चाळीस वर्षांचा बिल्ला टेबलावर ठेवला. त्यांचा राग मला समजतो, पण मंगळवारी सकाळी अकराला गाडी कोण चालवणार, याचं उत्तर त्यांच्यातही कुणाकडे नव्हतं.

हे काम बाहेरून वाटतं तितकं कोरडं नाही. पेशंट गाडीत असतानाचेच मैल मोजायचे, तेही मैलाच्या दहाव्या भागापर्यंत. गाडी रिकामी गेली-आली त्याचे पैसे नाहीत. कुठून उचललं आणि कुठे सोडलं त्याला एकेक अक्षर: घर असेल तर आर, रस्ता किंवा मैदान असेल तर एस, हॉस्पिटल एच. घरी जाऊन तपासलं, साखर खायला दिली, पेशंट म्हणाला आता बरं वाटतंय, येत नाही, तर मेडिकेअर (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी इन्शुरन्स) एक छदाम देत नाही. आणि मेडिकेअर जेव्हा देते तेव्हा आपल्या बिलाचा आकडा बघतच नाही. तिचा दर ठरलेला, त्यातलेही ८० टक्के ती देणार. खाजगी कंपन्यांची आणखी वेगळी तऱ्हा. आमच्याशी करार नसला तर काही कंपन्या चेक थेट पेशंटच्या नावाने काढतात आणि तो आमच्याकडे येईलच असं नाही. एका गृहस्थांनी त्यातून मागच्या अंगणातला डेक, म्हणजे लाकडी ओटा, दुरुस्त करून घेतला. डेक छान झालाय. जाता-येता दिसतो.

तर ऑक्टोबरातल्या एका दुपारी ऑफिसात एक मराठी कुटुंब आलं. पुढे चाळिशीचा मुलगा, हातात जाडजूड फाइल. मागे काका, हातात काठी, उजवा पाय किंचित ओढत. त्यांच्या बाजूला काकू. टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचून मुलाचा चेहरा एकदम सैलावला. "ताई, तुम्ही मराठी! बरं झालं."

केस मला आठवत होती. काका सातारचे, वय ६९. मे महिन्यात काकूंबरोबर सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. उन्हाळ्यात आमच्या पार्कातल्या बाकांवर सकाळी भारतातून आलेल्या आईवडिलांचा कट्टा भरतो. तेलुगू, गुजराती, मराठी, सगळे. जुलैतल्या एका मंगळवारी काका तिथे बसले असताना हातातला चहाचा कप निसटला. उचलायला हात पुढे केला तो हात उठेना. शेजारच्या गुजराती आजोबांनी ९११ लावला. दिवसपाळीची गाडी लगेच पोचली. त्यात सुट्टीपुरता तासांवर काम करणारा एक कॉलेजचा मुलगा होता. स्ट्रोकच्या तपासणीत चेहरा बघायचा, दोन्ही हात पुढे धरायला लावायचे आणि एक वाक्य म्हणायला सांगायचं. काकांना इंग्रजी वाक्य नीट म्हणता येईना, आता ते स्ट्रोकमुळे की इंग्रजीमुळे? पोरगं हुशार. तोवर काकांचा मुलगा घरून धावत आला होता. ईएमटीने त्याला सांगितलं, तुमच्या भाषेत एखादं वाक्य म्हणून घ्या आणि नेहमीसारखं येतंय का ते मला सांगा. मुलाने 'साताऱ्याला कुठल्या घाटातून जातात' असलं काहीतरी विचारलं. काकांची जीभ जड पडली होती. रिपोर्टात तसं लिहिलंय: मुलाच्या म्हणण्यानुसार बोलणं नेहमीपेक्षा अस्पष्ट.

हॉस्पिटलात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळालं. काका वाचले आणि बऱ्यापैकी सावरले. मग सुरू झाली बिलं. आमचं एक. इथे पॅरामेडिक, म्हणजे ईएमटीपेक्षा जास्त शिकलेले, हॉस्पिटलचे असतात, ते वेगळ्या गाडीतून येतात, त्यांचं वेगळं. आणि हॉस्पिटलचं जे होतं त्याचा आकडा मुलाने फाइल उघडून नुसता बोटाने दाखवला, तोंडाने उच्चारला नाही.

मुलाने व्हिजिटर इन्शुरन्स काढला होता, तोही स्वस्तातला नाही. कंपनीने सगळे क्लेम एकाच कारणाने नाकारले होते: आधीपासूनचा आजार. आणि त्यासाठी दाखला दिला होता आमच्या रिपोर्टाचा. त्यात ईएमटीने लिहिलं होतं: रक्तदाब, बारा वर्षांपासून, रोज एक गोळी, गोळीचं नाव.

मुलगा खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "ताई, तेवढी एक ओळ काढता येईल का? बाकी सगळं खरंच आहे. ती ओळ नसती तर हा प्रश्नच आला नसता. तुम्हालाही तुमचे पैसे मिळतील."

खरं सांगायचं तर या शेवटच्या वाक्याचाच मला जास्त राग आला. पण त्याच्याकडे बघून राग टिकेना. घर गहाण, दोन मुलं, आणि ते बिल.

मी सांगितलं, "दादा, नाही. हा रिपोर्ट मी लिहिलेला नाही आणि बदलणारही नाही. त्यात कोणी कधी बोट लावलं ते सगळं सिस्टिममध्ये राहतं. आणि नसतं राहिलं तरी इन्शुरन्सकडून पैसे काढायला वैद्यकीय कागद बदलणं हा इथे गुन्हा आहे. तुमच्यावर येईल, माझ्यावर येईल, त्या पोरावर येईल. आणि एका कागदात खोट सापडली की या गावाचे सगळे क्लेम ते उकरून काढतील. मग गाडीच राहायची नाही."

तोपर्यंत गप्प बसलेल्या काकू रडायला लागल्या. "मीच गं, मीच पर्समधली गोळ्यांची डबी काढून त्या पोराला दाखवली. मला वाटलं दाखवायला हवी. नसती दाखवली तर..."

सारखं त्याच विचारात असणार त्या, जुलैपासून. मी टेबलाच्या त्या बाजूला जाऊन बसले. म्हटलं, "काकू, ते इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी कळाव्याच लागतात. पेशंट रक्त पातळ करणारी गोळी घेतो का, आणि रक्तदाब किती आहे. तो १८५ आणि ११० च्या खाली आणल्याशिवाय इंजेक्शन देत नाहीत, नाहीतर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. तुम्ही डबी दाखवली म्हणून त्यांना विचारत बसावं लागलं नाही."

काका इतका वेळ भिंतीवरच्या जुन्या गाड्यांचे फोटो बघत होते. वळून म्हणाले, "पोरी, आमच्याकडे १०८ ला फोन केला की गाडी येती. पैसं कोण मागत न्हाई."

"हो काका, २०१४ पासून. ती सरकारच्या पैशावर चालते. ही गाव चालवतं."

"मग ह्या पोरांचा पगार?"

"तोच मी गोळा करते."

त्यांनी मान डोलावली. कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढायला लागले. मी म्हटलं, ठेवा, आधी फाइल बघू.

पॉलिसीचं चोपडं मुलाने आणलं होतं, पण वाचलेलं नव्हतं. कोणीच वाचत नाही. मी पगार घेते म्हणून वाचते. यातल्या बऱ्याच पॉलिसींत आधीपासूनचा आजार वगळलेला असतो, आणि पुढे कुठेतरी बारीक अक्षरात त्यालाही अपवाद दिलेला असतो: तो आजार अचानक, कसलीही पूर्वसूचना न देता उसळला आणि पेशंटने चोवीस तासांच्या आत उपचार घेतले, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत खर्च मिळतो. हळूहळू वाढत गेलेल्या दुखण्याला हा अपवाद नाही. यांच्या चोपड्यात तो होता. कंपनीने नाकारताना त्याचा उल्लेखही केला नव्हता.

आता 'अचानक' सिद्ध कसं करायचं? मी तोच रिपोर्ट पुन्हा उघडला. स्ट्रोकच्या पेशंटसाठी त्यात एक रकाना असतो: पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला. डॉक्टरांना तो लागतो, कारण त्या इंजेक्शनची मुदत लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तास. त्या पोराने बाकावरच्या प्रत्येकाला विचारून लिहिलं होतं: १०:४० ला गप्पा मारत, हसत, दोन्ही हात व्यवस्थित, १०:४५ ला कप पडला. प्रत्यक्ष बघणारे चौघे. त्याखाली ९११ चा फोन, गाडी निघाल्याची, पोचल्याची, हॉस्पिटलात शिरल्याची वेळ, सगळं डिस्पॅचच्या, म्हणजे गाड्या पाठवणाऱ्या केंद्राच्या, घड्याळातून आपोआप आलेलं. अचानक म्हणजे अचानक, आणि चोवीस तास सोडाच, तासाच्या आत हॉस्पिटल.

आमच्या बिलापुरतं अपील मी केलं. पत्राला पॉलिसीतलं ते कलम आणि रिपोर्टाची प्रत जोडली, रक्तदाबाच्या ओळीसकट. हॉस्पिटलचं अपील माझ्या हातात नव्हतं. पण पेशंटला स्वतःचे कागद मागायचा हक्क असतो. मी फॉर्म दिला, काकांनी उजव्याच हाताने सही केली. वेळ लागला, कोणी घाई केली नाही. रिपोर्टाची पूर्ण प्रत मी त्यांच्या हाती दिली आणि मुलाला सांगितलं, हॉस्पिटलच्या बिलिंगला हे पान दाखव आणि हेच कलम.

उत्तर यायला डिसेंबर उजाडला; काका-काकू तोवर सातारला परतले होते. कंपनीने निर्णय फिरवला. आता गंमत बघा: पॉलिसीला २५० डॉलरचा डिडक्टिबल, म्हणजे पेशंटने आधी स्वतः सोसायचा वाटा, होता आणि तो पहिल्यांदा निकाली निघालेल्या क्लेममधून कापतात. पहिला निघाला आमचा. हॉस्पिटलच्या डोंगराएवढ्या बिलातून तो कापला असता तर कुणाला दिसलाही नसता. आमच्या गाडीभाड्यातून भला मोठा लचका गेला. आमची कॅप्टन म्हणाली, जाऊ दे, सोडून दे. गावच्या क्लार्कने ठराव पुढे केला: सूट रहिवाशाला आहे, पाहुण्याला नाही, आणि एकाला सोडलं तर उद्या कुठल्या तोंडाने दुसऱ्याला मागणार? मला क्लार्कचं पटलं, जरी ते सांगायला फोन मलाच करावा लागला. मुलाने त्याच आठवड्यात चेक पाठवला.

हॉस्पिटलचं पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत मिळालं. राहिलेल्याचे हप्ते त्याने बांधून घेतलेत.

मागच्या आठवड्यात त्याचा पुन्हा फोन आला. काका-काकूंना परत यायचंय, आणि या वेळी पॉलिसी घेण्याआधी तो विचारत होता. मी म्हटलं, काकांची जन्मतारीख सांग. ते येतील तेव्हा सत्तरी ओलांडलेली असेल. त्या अपवादाला बहुतेक पॉलिसींत वयाची अट असते, आणि ती बऱ्याचदा सत्तरच. आता तो मला एकेक चोपडं पाठवतो आणि मी संध्याकाळी बारीक अक्षरं वाचत बसते. अजून पटेल असं एकही सापडलेलं नाही.